बाबांचा पी-टाऊ २१७ 'पिवळ्या पट्ट्यात' आलाय, आता पुढे काय?

जेलरोडची मुलगी · १२ मे, रात्री १०.४०

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

बाबा ७१ वर्षांचे. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून रिटायर झाले. नोकरीची बरीचशी वर्षं छापलेल्या टपाल तिकिटांच्या तपासणीत गेली. शीटवर एक भोक कमी पडलं किंवा रंग केसभर सरकला, तर भिंग न लावता सांगायचे. घरी लग्नपत्रिका आली की आधी छपाई बघणार, मग लग्न कोणाचं ते.

गेल्या दिवाळीपासून गडबड जाणवतेय. तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा. भाजीला गेले की मेथीच्या जुड्या घेऊन येतात, आणि फ्रीजमध्ये कालच्या दोन असतात. आई सांभाळून घेते, त्यामुळे मला कळायला उशीर झाला. माझं लग्न झालंय, इंदिरानगरला राहते, आठवड्यातून दोनदा जेलरोडला चक्कर असते. मला खरा धक्का बसला तो कॅलेंडर बघून. आमच्याकडे दुधाचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो. तारखेच्या चौकोनात 'एक', 'दीड', 'दोन', बाबांच्या अक्षरात. मार्चअखेरीला हिशोबाला बसले तर पंधरा तारखेनंतर पान कोरं. मला वाटलं लिहायचं राहिलं. सहज पुढची पानं उलटली, तर एप्रिल ओलांडून मेच्या पानावर सोळा तारखेपासून सगळं दूध मांडलेलं. अक्षर तेच, सुबक, चौकोनाच्या बरोबर मधोमध. महिना तेवढा चुकला होता.

पुण्याच्या धाकट्या भावाला फोन केला. त्याचा स्वभाव म्हणजे आधी ऑर्डर, मग विचार. त्याने रात्रीतून ऑनलाइन कुठलं तरी 'मेंदू प्रोफाइल' बुक केलं. पाच आकडी रक्कम. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागितली नाही. सकाळी एक मुलगा येऊन रक्त घेऊन गेला आणि नऊ दिवसांनी पीडीएफ आलं.

त्यात पी-टाऊ २१७ (अल्झायमरच्या शंकेसाठी मोजतात म्हणे) आहे ०.५१ पिकोग्रॅम प्रति मिलीलीटर. खाली हिरवा, पिवळा, लाल असा पट्टा, आणि बाबांचा बाण पिवळ्यात. त्याखाली एकच ओळ: 'क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे'. एनएफएल (मज्जातंतूंच्या इजेचा आकडा म्हणे) ४१, पुढे वर जाणारा बाण. बी-१२ आहे १४८, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.७. बाबांना सोळा वर्षांची शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, बीपीची गोळी आहे. घरी शाकाहार.

हेल्पलाइनवर विचारलं तर 'मॅडम, तुमच्या डॉक्टरांना दाखवा'. आमचे नेहमीचे डॉक्टर प्रामाणिक आहेत, म्हणाले हा रिपोर्ट मी पहिल्यांदाच बघतोय. न्यूरॉलॉजिस्टची वेळ २३ मेची मिळाली आहे. भावाने तोवर नेटवर वाचून अल्झायमर ठरवूनही टाकलं, अमेरिकेतली इंजेक्शनं शोधली, आणि आता म्हणतो मीही हीच टेस्ट करून घेतो. तो ४१ वर्षांचा आहे.

बाबा रोज विचारतात, 'काय आलं गं रिपोर्टात?' मी सांगते, बी-१२ कमी आहे. खोटं नाही ते. पण सांगताना मी त्यांच्याकडे बघत नाही.

पिवळा म्हणजे नक्की काय? एनएफएल वाढणं किती वाईट? टेस्ट परत करावी का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. 'सगळं ठीक होईल' नको, ते नातेवाईक सांगतातच आहेत.

गोदातीर · १२ मे, रात्री ११.१५

ताई, वय झालं की सगळेच विसरतात. या टेस्ट म्हणजे पैसे काढायचे धंदे. सकाळी ब्राह्मी आणि देशी गाईचं तूप चालू करा, दोन महिन्यांत फरक पडेल. आमच्या वडिलांना पडला.

जेलरोडची मुलगी · १२ मे, रात्री ११.२२

काका, तूप पहिल्यापासून आहे. किल्ली विसरले असते तर मीही वय म्हटलं असतं. महिना चुकतोय, आणि चुकलेला कळत नाही.

जांभळी टोपी · १३ मे, सकाळी ७.०५

ताई, मी लॅब टेक्निशियन. सातपूरला असतो. रिपोर्टचा अर्थ डॉक्टर सांगतील, मी ट्यूबचं सांगतो, कारण तिकडे कोणी बघत नाही.

या टेस्टला साधारणपणे जांभळ्या टोपीची ईडीटीए ट्यूब लागते. रक्त घेतल्यावर थोड्याच तासांत ती फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळं काढायचं. मग ते गोठवून, गोठलेलंच मोठ्या लॅबला पाठवायचं. शुगर-कोलेस्टेरॉलची सवय असलेल्या माणसाला यात काय एवढं असं वाटतं. पण इथे मोजायचा पदार्थ किती? एका ग्रॅमचे दहा लाख भाग, त्यातल्या एका भागाचे परत दहा लाख, तो एक पिकोग्रॅम. तुमच्या बाबांचा आकडा त्याच्याही निम्मा आहे.

पी-टाऊ २१७ त्यातल्या त्यात टणक आहे, थोडा उशीर सोसतो. पण काही कंपन्या नुसता टाऊ न मोजता त्याला अमायलॉइड बीटा ४२ या दुसऱ्या प्रथिनाने भागून येणारं गुणोत्तर देतात. आणि ते बीटा ४२ महा नाजूक. प्लास्टिकला चिकटतं, खोलीच्या तापमानाला राहिलं की उतरतं. भागाकारात खालचा आकडा उतरला की उत्तर वर जातं. माणूस तोच, मेंदू तोच, नमुना रिक्षात अडकला म्हणून रिपोर्ट बदलला.

दुसरं, ०.५१ हा आकडा बाहेर कोणाशी ताडू नका. आमच्या एका पाव्हण्यांचा ०.२५ होता आणि तो 'जास्त' होता. यंत्र वेगळं, अँटीबॉडी वेगळी, हद्दी वेगळ्या. परत करायचीच झाली तर त्याच यंत्रावर.

लॅबकडे दोन वेळा मागा. रक्त घेतल्याची आणि नमुना पोचल्याची. नोंद असते त्यांच्याकडे, नाही म्हणाले तरी असते.

निवृत्त फिजिशियन, गंगापूर रोड · १३ मे, दुपारी ३.३०

मी न्यूरॉलॉजिस्ट नाही. तीस वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं, आता वाचतो जास्त. २३ तारखेला जाण्याआधी हे वाचून ठेवा.

मज्जापेशींच्या आत वाहतुकीच्या बारीक नळ्या असतात, त्यांना टाऊ नावाचं प्रथिन धरून ठेवतं. मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साठणारं प्रथिन, साचायला लागलं की या टाऊवर ठरावीक जागी फॉस्फेट चिकटतं, २१७ ही त्यातली एक जागा, आणि त्याचा किंचित अंश रक्तात उतरतो. म्हणजे टेस्टचं नाव टाऊ असलं तरी ती मुख्यत्वे सांगते की मेंदूत अमायलॉइड असण्याची शक्यता किती. बाबा किती विसरतात आणि का विसरतात हे तिला ठाऊक नसतं. उतारवयात स्मरण उत्तम असलेल्या लोकांतही कित्येकांच्या मेंदूत अमायलॉइड सापडतं, आणि त्यांतले बरेच जण तल्लख डोक्यानेच जातात.

आता पिवळा पट्टा. या टेस्टना बहुधा दोन हद्दी असतात. खालच्या हद्दीखाली असाल तर अमायलॉइड बहुधा नाही, वरच्या हद्दीवर असाल तर बहुधा आहे. मधली जागा मुद्दाम सोडलेली असते, कारण तिथे यंत्राने तोंड उघडलं तर चुकेल. त्या भागाला 'थोडासा अल्झायमर' समजू नका. 'या नळीवरून सांगता येत नाही' एवढंच त्याचं मराठी.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-चाचण्यांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली, पी-टाऊ २१७ आणि बीटा ४२ च्या गुणोत्तराची. त्यासाठी ४९९ नमुने तपासले होते. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांत पेट स्कॅनने (मेंदूतलं अमायलॉइड दाखवणारा स्कॅन) किंवा पाठीतल्या पाण्याच्या तपासणीने अमायलॉइड सापडलं, निगेटिव्ह आलेल्यांपैकी ९७.३ टक्के लोकांत नाही सापडलं. आणि वीस टक्क्यांपेक्षा कमी लोक मध्येच लटकले. तुमच्या बाबांसारखे. आकडे चांगलेच आहेत. फक्त ते नमुने कोणाचे हे विचारा. ज्यांची स्मृती खरोखर ढासळली होती अशांचे. परवानगीही ५५ च्या वरच्या, लक्षणं असलेल्या माणसांसाठीच. रस्त्यावरच्या कोणालाही बोलावून सुई टोचली तर हे आकडे तसेच राहत नाहीत. तुमच्या भावाला हे दाखवा. ४१ वर्षांचा, लक्षण काही नाही, त्याच्या हाती रिपोर्ट येईल आणि त्या रिपोर्टचं काय करायचं हे जगात कोणी सांगू शकणार नाही. आणि ऑनलाइन कंपनीने प्रिस्क्रिप्शनशिवाय ही टेस्ट घरी आणून विकावी हे मला पटत नाही, माझं जुन्या वळणाचं मत समजा.

किडनीकडे या. क्रिएटिनिन १.७ आणि वय ७१ म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग (ईजीएफआर) साधारण ४३ च्या आसपास, म्हणजे बराच कमी. किडनी मंदावली की पी-टाऊ आणि एनएफएल दोन्ही रक्तात साठतात. मग बाण पिवळ्यात मेंदूमुळे गेला की किडनीने ढकलला? रिपोर्ट लिहिणाऱ्याने त्याच पीडीएफमध्ये, दोन पानं आधी, क्रिएटिनिन छापलंय. दोन्ही पानं एकत्र वाचायची तसदी कोणी घेतली नाही.

एनएफएलबद्दल नाशिककराला सोपं सांगता येतं. पावसाळ्यात आपण सगळे काय विचारतो? दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्यावरून पूर केवढा ते बरोबर कळतं. पण गंगापूर धरणातून सोडलं की शहरातच कोसळला, हे मारुती सांगत नाही. एनएफएल म्हणजे मज्जातंतूंच्या आतल्या धाग्याचा तुकडा. तंतू कुठेही, कशानेही तुटला की रक्तात येतो. स्ट्रोक, डोक्याला मार, मल्टिपल स्क्लेरोसिस, मोटर न्यूरॉनचा आजार, शुगरमुळे पायाच्या नसा जाणं. वयाने वाढतो, किडनीने वाढतो, वजनदार माणसात उलट कमी दिसतो. बाबांना शुगर सोळा वर्षं. ४१ बघून मी तरी दचकणार नाही. त्याचा खरा उपयोग एकाच माणसात परत परत मोजण्यात आहे, पाणी चढतंय की उतरतंय. मोटर न्यूरॉनच्या एका आनुवंशिक प्रकारावरच्या टोफरसेन या औषधाला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली, ती मुख्यतः एनएफएल उतरला या आधारावर. म्हणजे मारुती खोटं बोलत नाही, त्याला उगमाचं विचारू नये.

तुमच्या पीडीएफमधला माझ्या लेखी सगळ्यात कामाचा आकडा १४८ आहे. सोळा वर्षं मेटफॉर्मिन, घरी शाकाहार, बी-१२ दोनशेच्या खाली. याने विसरभोळेपणा येतो, चाल बिघडते, पाय जळतात. आणि यावर उपचार आहे, स्वस्त आहे. २३ तारखेची वाट न बघता तुमच्या डॉक्टरांकडून इंजेक्शनं सुरू करून घ्या. थायरॉइड आणि सोडियम राहिलं असेल तर तेही बघायला सांगा. बी-१२ भरल्यावर सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात.

अमेरिकेतल्या इंजेक्शनांचा विषय भावाला आत्ता बंद करायला सांगा. लेकानेमॅब, डोनानेमॅब ही अमायलॉइड काढतात, आजार थांबवत नाहीत, उतार जरा मंद करतात. आधी अमायलॉइड सिद्ध लागतं, मग परत परत एमआरआय, कारण मेंदूत सूज आणि रक्तस्राव होऊ शकतो. पिवळ्या पट्ट्यावर कोणी शहाणा डॉक्टर ती देणार नाही.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरा. मेडिकलमधून न विचारता आणलेल्यासुद्धा. आणि कॅलेंडर भिंतीवरून काढून सोबत न्या.

एका डोळ्याने वाचते · १३ मे, रात्री ९.५०

डॉक्टरसाहेबांचं बरोबर आहे, पण 'रक्ताच्या टेस्ट म्हणजे लूट' हे वरच्या काकांचं मला मान्य नाही. मी आज चालते ती एका रक्ताच्या टेस्टमुळे.

मी पंचवटीची. २०१६ साली, ३४ व्या वर्षी, डावा डोळा चार दिवसांत गेला. स्टिरॉइडने थोडा परत आला. आठ महिन्यांनी उचकी लागली. हसू नका, सोळा दिवस उचकी आणि उलटी. सगळ्यांनी पित्त म्हणून साखर-पाणी केलं, कोणीतरी विचारलं कोण आठवण काढतंय. मग पाय जड झाले. एमआरआयवर डाग दिसले आणि मला मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. इंटरफेरॉन सुरू करायचं ठरलं होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी फक्त उचकीबद्दल तीनदा विचारलं. कधी, किती दिवस, डोळ्याआधी की नंतर. मग म्हणाले अ‍ॅक्वापोरिन-४ ची अँटीबॉडी बघू, म्हणजे मेंदू-मणक्यातल्या त्या प्रथिनावर शरीरच हल्ला करतंय का ते. पॉझिटिव्ह. माझा आजार एनएमओ निघाला, डोळ्याच्या नसेवर आणि मणक्यावर हल्ला करणारा, मल्टिपल स्क्लेरोसिसचा चुलतभाऊ म्हणा, पण औषध वेगळं. इंटरफेरॉनने तो उलट भडकू शकतो. ती अँटीबॉडी २००४ साली शोधली गेली. त्याआधीच्या बायकांचं काय झालं असेल याचा मी विचार करत नाही.

माझी टेस्ट आणि तुमची टेस्ट यांत फरक कुठे, ते मी बऱ्याचदा मनात घोळवलंय. माझीत पट्टा नव्हता. आहे किंवा नाही. आणि ती पॅकेजमधून आली नव्हती, उचकीमागून आली होती. आधी कोणाला तरी शंका आली, मग नळी भरली.

दुसरं थोडं खाजगी. माझ्या घरच्यांनी मला दोन महिने आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. 'नसेचा त्रास आहे' म्हणायचे. मी स्वयंपाकघरात गेले की बोलणं थांबायचं. तेवढ्या वेळात मी मनात ब्रेन ट्यूमर धरून मुलांची बँकेची कागदपत्रं लावून टाकली होती. बाबांना सांगा. रोज विचारतायत म्हणजे त्यांना अंदाज आहे.

सिडकोकर · १४ मे, सकाळी १०.१०

विषय निघालाच आहे तर विचारतो. मुलगा काल रात्री गाडीवरून पडला, हेल्मेट नव्हतं. कपाळाला टेंगूळ आहे. आता ठीक वाटतोय, पण सकाळी एक उलटी झाली. डोक्याच्या मारासाठीही रक्ताची टेस्ट असते असं ऐकलं, नाशिकमध्ये कुठे होईल?

निवृत्त फिजिशियन, गंगापूर रोड · १४ मे, सकाळी १०.१८

मोबाइल खाली ठेवा आणि त्याला आत्ता हॉस्पिटलला न्या. उलटी झाली आहे म्हणजे सीटी स्कॅन. टेस्टबद्दल नंतर बोलू.

सिडकोकर · १४ मे, संध्याकाळी ६.४०

नेलं. सीटी नॉर्मल आहे, एक रात्र ठेवून घेतलंय. आभारी आहे साहेब.

निवृत्त फिजिशियन, गंगापूर रोड · १४ मे, रात्री ८.००

छान झालं. तुमची टेस्ट म्हणजे जीएफएपी आणि यूसीएच-एल१, मेंदूला मार लागला की रक्तात येणारी दोन प्रथिनं. अमेरिकेत २०१८ ला मान्यता मिळाली. तेव्हाची अट मार लागल्यापासून बारा तासांच्या आत, मोठ्या माणसांसाठी, आणि हेतू एवढाच की दोन्ही कमी असतील तर सीटी टाळता येतो. तुम्ही विचारलंत तोवर बारा तास उलटलेच असतील. हेल्मेट घ्या त्याला.

जेलरोडची मुलगी · १४ जून, रात्री ११.०५

उशीर झाला लिहायला. सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

इंजेक्शनं १५ मेलाच सुरू झाली. २३ ला न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, मी, आई, बाबा, गोळ्यांची पिशवी आणि गुंडाळी करून कॅलेंडर. मी रिपोर्टची फाइल पुढे सरकवली तर डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली, म्हणाले हे शेवटी. आणि कॅलेंडर टेबलावर पसरलं. मार्च बघितला, मे बघितला, मग मागे जानेवारी, फेब्रुवारी. फेब्रुवारीत दोन जागी 'दीड'वर परत 'दीड' गिरवलेलं होतं, ते माझ्याही नजरेतून सुटलं होतं. आईला विचारलं, हे कधीपासून? आई म्हणाली दिवाळी. मग थांबली आणि म्हणाली, त्याच्या आदल्या वर्षीच्या गणपतीपासून. मला तेव्हा कळलं की तिने एक अख्खं वर्ष माझ्यापासून लपवलं.

नंतर बाबांची परीक्षा. मराठीतूनच घेतली. शंभरातून सात वजा करत जा, त्यात ते पटापट खाली गेले. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते, त्यातले दोन आले. मग घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. बाबांनी हाताने वर्तुळ काढलं, कंपासने काढावं असं. आकडे छापल्यासारखे, सगळे सारख्या अंतरावर. आणि काटे काढले, एक अकरावर, एक दहावर. कागद लांब धरून बघितला. म्हणाले, 'यात काहीतरी चुकलंय.' डॉक्टर म्हणाले, काय? बाबा खूप वेळ बघत राहिले. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका पकडल्या त्यांनी. 'सापडत नाही,' म्हणाले आणि कागद परत दिला.

पिशवीत दोन गोष्टी निघाल्या. एक, पायाच्या जळजळीसाठी दोन वर्षांपासून रात्री चालू असलेली अमिट्रिप्टिलीन. दुसरी, थंडीत सर्दी झाली तेव्हा मेडिकलमधून आणलेली गोळी. सर्दी जानेवारीत गेली, गोळी चालूच, कारण 'झोप छान लागते'. डॉक्टर म्हणाले या वयात या दोन्ही मिळून डोक्यावर धुकं आणतात. सर्दीची त्या दिवसापासून बंद, दुसरी हळूहळू कमी करून बंद. मेटफॉर्मिनचा डोस आमच्या डॉक्टरांनी किडनी बघून निम्मा केला.

एमआरआयमध्ये दोन जुने, बारीक स्ट्रोकचे डाग निघाले, आम्हाला पत्ताच नव्हता. म्हणजे बीपीकडेही नीट बघायचं आहे. थायरॉइड ठीक. पी-टाऊची फाइल खरंच शेवटी उघडली, दोन मिनिटं. म्हणाले किडनी अशी असताना आणि आकडा मध्ये असताना मी यावर घर बांधणार नाही. नोव्हेंबरपर्यंत बी-१२, गोळ्या, बीपी हे सगळं जागेवर आणू, परत हीच परीक्षा घेऊ. तेव्हाही घसरण दिसली तर पेट स्कॅन किंवा पाठीतल्या पाण्याची तपासणी, त्यासाठी मुंबईला जावं लागेल. अल्झायमर नाही असं त्यांनी म्हटलेलं नाही. आहे असंही नाही. भावाला हे 'काहीच कळलं नाही' वाटतं. मला मात्र पीडीएफ आलं त्या रात्रीपेक्षा बरंच जास्त कळलंय. त्याने स्वतःची टेस्ट रद्द केली, पैसे परत मागतोय.

आता फरक. आईच्या मते पडलाय. माझ्या मते आईला फरक हवा आहे. चाल मात्र नक्की सुधारली, जिना उतरताना कठडा धरत नाहीत. जूनचं दूध जूनमध्ये आहे. नऊ तारखेला दोनदा लिहिलंय.

आणि पंचवटीच्या ताई, मी बाबांना सांगितलं. तुमचं ते स्वयंपाकघराचं वाचून दोन दिवस झोप लागली नाही. रिपोर्ट बिटकोजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी कपाटातून भिंग आणलं. आधी पट्टा बघितला. म्हणाले, 'पिवळा लालवर चढलाय. रजिस्टर बसलेलं नाही. हे शीट मी सोडलं नसतं.' मला हसू आलं आणि ते थांबेना. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं, म्हणाले, 'म्हणजे मी विसरतोय ते खरंय ना?' मी हो म्हटलं. बराच वेळ पट्टाच बघत होते. मग म्हणाले, 'तुझ्या आईला सांगू नकोस.'

टेक्निशियनदादा, तुम्ही सांगितलेल्या वेळा मागितल्या. चार फोन आणि एक ईमेल लागला. रक्त घेतलं सकाळी ८.५०, नमुना त्यांच्या सेंटरला पोचला संध्याकाळी ५.२०.

जांभळी टोपी · १५ जून, सकाळी ६.५५

साडेआठ तास, ताई. आणि एप्रिल-मेचं ऊन. मुलाकडे बर्फाची पेटी होती का? की आपली प्लास्टिकची पिशवी?

जेलरोडची मुलगी · १५ जून, सकाळी ७.३०

पेटी आठवत नाही. आईला विचारलं आत्ता. ती म्हणते, त्याने नळी रुमालात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि म्हणाला, काकू, अजून सिन्नर फाट्याला दोन घरं करायची आहेत.